क्रौंचाची मान

एलिमेंटरीच्या परीक्षेत माझी फुलदाणी कलली आणि चित्रकलेशी माझा संबंध तिथेच संपला. तरी निवृत्तीनंतर हौसेनं संध्याकाळच्या ग्राफिक डिझाइनच्या वर्गात नाव घातलं. गृहपाठ होता: जुन्या विमान कंपनीचं बोधचिन्ह संगणकावर काढा, त्याची हकिकत सांगा. मी लुफ्तान्झा निवडली. एक गोल, आत एक पक्षी. चहा होईपर्यंत होईल असं वाटलं. ‘‘हंस सोपाच आहे,’’ मी म्हणालो. ‘‘काका, क्रौंच आहे तो,’’ मॅडम म्हणाल्या.

पेन टूल म्हणजे लेखणी नव्हे, हे पहिल्या संध्याकाळी कळलं. पडद्यावर टिंब द्यायचं. त्याला दोन्हीकडे मिशा फुटतात, त्यांना हँडल म्हणतात. त्या ओढल्या की रेघ वाकते. मी मान लांबवायला मिशी ओढली, तर पोट फुगलं. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘‘बदक छान जमलंय.’’

मग हात टेकून वाचायला बसलो. हा पक्षी ऑटो फिर्ले यांनी 1918 मध्ये काढला, तोही डॉयचे लुफ्त-रीडराय या दुसऱ्याच कंपनीसाठी. 1926 मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून पहिली लुफ्तान्झा झाली; त्यात एका बाजूनं क्रौंच आला, युंकर्स कंपनीच्या बाजूनं निळा-पिवळा रंग. ही पहिली लुफ्तान्झा युद्धानंतर बंद पडली. 1954 मध्ये नव्या कंपनीनं नाव, पक्षी, रंग सगळं विकत घेतलं. म्हणजे कंपन्या बदलल्या, पाखरू तेच!

साठच्या दशकात उल्मच्या डिझाइन विद्यालयातले ओट्ल आयशर आणि त्यांच्या गटानं सगळ्याला शिस्त लावली: अक्षरं हेल्व्हेटिका, रंग ठरलेले, मापं ठरलेली. नवं काढण्यापेक्षा असलेलं नीट बसवणं हेही डिझाइनच, हे मला नवीन होतं. मी मापं घेऊन गोल पुन्हा काढला. पक्षी गोलाबाहेर गेला.

शेवटी मॅडमनी माझं चित्र मोबाइलच्या आयकॉनएवढं केलं. चोच, मान, पंख सगळं मिळून शाईचा डाग! 2018 मध्ये, पक्ष्याच्या शंभरीला, कंपनीनं क्रौंच आणि कडं दोन्ही बारीक केली, ती याच लहान पडद्यांसाठी. तिच्याकडेही हाच प्रश्न होता, याचा मला भारी आनंद झाला. मीही मान सडसडीत केली, विमानाच्या शेपटीवर चिन्ह बसवलं आणि वर्तुळात आपला आवडता पिवळा भरला.

‘‘मान सुधारली,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘पण काका, शेपटीवरचा पिवळा त्याच वर्षी गेला.’’