देव्हेंटरमधला सोळावा वाढदिवस

नेदरलँड्सच्या पूर्व भागात, आयसेल नदीच्या काठावर, देव्हेंटर हे जुने व्यापारी शहर वसले आहे. मध्ययुगात हान्सा व्यापारसंघातील शहरांत त्याची गणना होत असे. नदीच्या पैलतीरावरून पाहिले, तर लेबुइनस चर्चचा मनोरा प्रथम दृष्टीस पडतो. ब्रिंक नावाच्या चौकात सोळाव्या शतकातले वजनघर उभे आहे, आणि मध व मसाले घातलेला ‘देव्हेंटर कूक’ हा दाट, तपकिरी केक तेथील दुकानांत आजही मिळतो. दहावीची परीक्षा झाल्यावर, १९८६ साली, रोटरीच्या विद्यार्थी-विनिमय योजनेतून मी साताऱ्याहून या गावात वर्षभरासाठी गेले. माझा सोळावा वाढदिवस तेथे साजरा झाला. पुढे वैद्यकीय व्यवसायात घरोघरच्या वृद्धांशी संबंध आला, तेव्हा त्या दिवशी पाहिलेल्या कित्येक गोष्टी मला निराळ्या अर्थाने आठवू लागल्या.

तेथील वाढदिवसाचा आरंभ घराच्या शौचालयात होतो, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. परंतु ते खरे आहे. डच घरांत वाढदिवसांची दिनदर्शिका बहुधा शौचालयाच्या भिंतीवर किंवा दाराच्या आतल्या बाजूस टांगलेली असते. तिच्यावर वार नसतात, वर्ष नसते. केवळ महिने व तारखा, आणि तारखेपुढे हाताने लिहिलेली नावे. त्यामुळे ती दरवर्षी बदलावी लागत नाही. एकच दिनदर्शिका वर्षानुवर्षे चालते. मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात यजमानीण बाईंनी मला पेन देऊन माझे नाव लिहायला लावले. त्या भिंतीवर नाव चढणे म्हणजे घरात गणना होणे, हे मला पुढे उमगले.

त्याच दिनदर्शिकेत मार्च महिन्यात एक नाव फिकट शाईत होते. ते घरातल्या आजोबांचे, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांचे. कोणी ते खोडले नव्हते. काही घरांत मृतांच्या नावापुढे लहानसा क्रूस काढतात, काही घरांत नाव तसेच राहू देतात. आजी, म्हणजे तेथील भाषेत ‘ओमा’, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहत असे. त्या तारखेला मुलगी न चुकता तिच्याकडे जाऊन कॉफी पिऊन येई. कारण विचारण्याची गरज कोणाला पडत नसे.

माझा वाढदिवस नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात येतो. त्या दिवसांत तेथे सायंकाळी पाचच्या आतच अंधार पडतो आणि पाऊस असा बारीक पडत राहतो, की छत्री उघडावी की मिटावी हे कळू नये. घराची आठवण येण्यास याहून अनुकूल हवामान नसावे. किशोरवयीन मुलांना घराची ओढ लागते, तेव्हा ती पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलते. माझे पोट दुखू लागले होते, झोप उडाली होती, आणि तिसऱ्या दिवशी मला डॉक्टरांकडे नेण्यात आले. त्या डॉक्टरांनी पोट तपासले, मग आईचे पत्र शेवटचे केव्हा आले असे विचारले. औषध काही दिले नाही. हा प्रश्न मी आजही माझ्या दवाखान्यात विचारते. फक्त समोर बहुतेक वेळा सत्तरीतले रुग्ण असतात आणि पत्राच्या जागी मुलाचा फोन आलेला असतो.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी बैठकीत कागदी माळा टांगलेल्या होत्या. संध्याकाळी पाहुणे आले आणि भिंतीलगत गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. डच वाढदिवस म्हणजे हे वर्तुळ. प्रथम कॉफी व केकचा एक तुकडा, मग पुन्हा कॉफी, नंतर चीजचे चौकोनी तुकडे व मोहरीची चटणी. एकच तुकडा का, असे मनात येई. पण दुसरा मागण्याचा रिवाज नव्हता आणि मी तो मागितलाही नाही. दीर्घायुष्य चिंतणारे एक पारंपरिक गाणे सर्वांनी मिळून म्हटले. आपल्या ‘शतायुषी हो’ या आशीर्वादाचेच ते भावंड.

मला खरा अचंबा वाटला तो त्याआधी. दारातून येणारा प्रत्येक पाहुणा ‘खेफेलिसितेर्त’, म्हणजे ‘अभिनंदन’, असे मला म्हणे, आणि मग तेच यजमान बाबांना, यजमानीण बाईंना, त्यांच्या दोन्ही मुलांना. ‘मुलीबद्दल अभिनंदन’, ‘बहिणीबद्दल अभिनंदन’. ज्याचा वाढदिवस असतो त्याच्याइतकेच त्याच्या घरच्यांचेही अभिनंदन करण्याची ही रीत आहे. माणूस आणखी एक वर्ष जगला, याचे श्रेय त्याला जपणाऱ्यांकडेही जाते, असा तिचा अर्थ मी लावते.

ओमा सर्वांत शेवटी आली. तिने माझे दोन्ही हात धरले, अभिनंदन केले, आणि विचारले, “आणि तुझ्या आईचे अभिनंदन कोणी केले?”

मी उत्तर देऊ शकले नाही. साताऱ्यात आमच्या घरी दूरध्वनी नव्हता. त्या वेळी तेथे रात्रीचा साडेबाराचा सुमार असेल. हिवाळ्यात दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेचार तासांचे अंतर असते. आईचे पत्र दोन दिवसांपूर्वी आले होते. तिथीने तुझा वाढदिवस चार दिवस पुढे येतो, त्या दिवशी देवापुढे निरांजन लावीन आणि शेजारच्या लहानग्या मुलीचे औक्षण करून तिला शिरा देईन, असे तिने लिहिले होते. ते मी ओमाला मोडक्या डचमध्ये सांगितले. तिने पर्समधून एक कार्ड काढले आणि वर्तुळात फिरवले. सर्वांनी त्यावर आईचे अभिनंदन लिहिले, खाली सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते पोस्टात पडले.

नंतर ओमा मला तिच्या तरुणपणीच्या एका वाढदिवसाविषयी सांगू लागली. ती मूळची पश्चिमेकडील हार्लेम शहरातली. १९४४–४५ च्या हिवाळ्यात, जर्मन अंमलाखाली, त्या भागात भीषण उपासमार झाली. लोक साखरबीट व ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. धान्य-बटाट्यांच्या शोधात सायकलींनी, पायी, आयसेल नदी ओलांडून पूर्वेकडच्या शेतांपर्यंत आले. हजारो माणसे त्या हिवाळ्यात मेली. ओमा तेव्हा गरोदर होती. तिच्या तिसाव्या वाढदिवसाला बीट किसून केलेली वडी होती, आणि ती तिने बहिणींत वाटली. पोटातले ते मूल म्हणजेच माझी यजमानीण. पुढे वैद्यकशास्त्र शिकताना मला कळले, की त्या हिवाळ्यात गर्भात असलेल्या मुलांचा संशोधकांनी अनेक दशके पाठपुरावा केला आणि त्यांच्यात प्रौढपणी रक्तातील साखरेच्या तक्रारी अधिक आढळल्या. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आकडे नव्हते, केकचा एकच तुकडा घेणारी ती मंडळी होती.

त्या काळात डच लोकांचा राष्ट्रीय उत्सव ३० एप्रिलला असे. ती तारीख राणी बेआट्रिक्स यांची नव्हती, त्यांच्या मातोश्री युलिआना यांच्या जन्माची होती. स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीला असूनही बेआट्रिक्स यांनी आईचाच दिवस कायम ठेवला. जानेवारीतल्या थंडीत रस्त्यावर उत्सव कोण करणार, असेही लोक हसून म्हणत. पन्नाशी गाठलेल्या पुरुषाला तेथे ‘अब्राहम दिसला’ म्हणतात, बाईला ‘सारा दिसली’. बायबलमधील एका वचनावरून ही म्हण निघाली. अंगणात अब्राहमाचा गवताने भरलेला पुतळा बसवतात. आपल्याकडे साठीशांत आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन आहे. दोहोंत मला आपले सोहळे अधिक गंभीर व सुंदर वाटतात. मात्र होमाच्या धुरात तीन तास ताटकळलेले वृद्ध मी इतके पाहिले आहेत, की चार शब्द सांगणे भाग आहे.

वृद्धांचा वाढदिवस सकाळी करावा. स्मरणशक्ती क्षीण झालेल्यांना दिवस मावळताना अस्वस्थता वाढते; त्या वेळी गर्दी, फुगे फुटण्याचा आवाज व एकदम विझणारे दिवे त्यांना घाबरवतात. खुर्च्या डचांसारख्या गोलाकार मांडाव्यात. ऐकू कमी येणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसतात. परंतु एका वेळी एकानेच बोलावे, हा नियम डच पाळत नाहीत, आपणही पाळत नाही, आणि श्रवणयंत्राला सगळा कोलाहल सारखाच ऐकू येतो. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर केकचा कोरडा चुरा ठसक्याचे व फुप्फुसातील जंतुसंसर्गाचे कारण ठरू शकतो. त्यांना कोणते मऊ वा दाट पदार्थ चालतील, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. मधुमेह असला, तरी जेवणासोबत लहानसा गोड घास बहुतेकांना चालतो. तोही हिरावून घेऊन समोर इतरांनी खाणे मला क्रूरपणाचे वाटते.

माझी आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेली तीन वर्षे तिला नावे आठवत नाहीत. परतताना मी एक डच दिनदर्शिका आणली होती. ती शौचालयात लावायचे म्हटल्यावर आईने “शिव शिव” म्हणून कानावर हात ठेवले होते. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात, कालनिर्णयाच्या शेजारी आहे. रोज सकाळी वहिनी आईला तिच्यासमोर खुर्चीवर बसवते. आई चष्मा लावून त्या महिन्यातली नावे मोठ्याने वाचते. वाचता येते, माणूस आठवत नाही; मग वहिनी सांगते, हा तुमचा भाऊ, ही माझी मुलगी. ओमाचेही नाव तिच्यावर आहे. ती १९९८ साली गेली.

वहिनीचा सारा दिवस आईच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. आईच्या वाढदिवसाला येणारे पाहुणे आईच्या पाया पडतात, फुले देतात, आणि वहिनीने केलेला चहा पिऊन जातात. गेल्या दोन वर्षांपासून मी दारात उभी राहते आणि प्रत्येकाला सांगते, आधी वहिनीचे अभिनंदन करा. प्रथम लोक गोंधळले. माझ्या आत्याने तर, “तिचा कुठे वाढदिवस आहे?” असे विचारले. यंदा आत्या स्वतःच वहिनीसाठी साडी घेऊन आली आणि ती आईच्या हातून द्यायला लावली. आईने साडीवरून बराच वेळ हात फिरवला. मग वहिनीला विचारले, “तुझे नाव काय गं?” वहिनीने सांगितले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जून महिन्यात, आपले नाव तिला बोटाने दाखवले.