हम्पीत वाचवलेली पन्नासची नोट

काटकसरीच्या बाबतीत आमच्या घरी माझा हात कुणी धरू शकत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीवाल्याकडे देणारी मी. प्रवासाला निघाले की स्टेशनवरचे काही विकत घेणे मला गुन्हाच वाटतो. त्यामुळे मार्च २०१८मध्ये आम्ही तिघे, म्हणजे हे, सासूबाई आणि मी, सोलापूरहून हम्पीला निघालो तेव्हा पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे दोन दिवस पुरतील एवढे होते. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. विजापूर, बागलकोट, गदग करत गाडी होस्पेटला पोहोचेपर्यंत अर्धा डबा आमच्या धपाट्यांवर खूश होता!

हम्पी पाहायचे हा हट्ट सासूबाईंचा. त्या बहात्तर वर्षांच्या, पंढरीच्या नियमाने वाऱ्या केलेल्या. पंढरपूरचा विठोबा कृष्णदेवरायाने विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही वारकऱ्यांमधली कथा त्यांनी लहानपणापासून ऐकलेली. "देव जिथे जाऊन राहिला, ती जागा एकदा बघायची," एवढेच त्यांचे म्हणणे.

होस्पेटहून हम्पी तेरा-चौदा किलोमीटर. टॅक्सीवाले मागे लागले होते, पण आम्ही सरळ एसटीसारख्या सरकारी बसने गेलो. पैसे वाचले आणि गैरसोयही काही झाली नाही. विरूपाक्ष मंदिरासमोर गाईड भेटला. त्याने रक्कम सांगितली, मी मान हलवली आणि स्टेशनवर घेतलेली पुस्तिका उघडली. नऊ मजली गोपूर पाहिले, दर्शन घेतले, बाहेर आलो. पाऊण तासात देऊळ झाले, याचा मला कोण अभिमान!

तिथून बडवीलिंगाकडे गेलो. एकाच दगडातले सुमारे तीन मीटर उंचीचे शिवलिंग, तळाशी कायम पाणी. कन्नडमध्ये 'बडव' म्हणजे गरीब. हे लिंग एका गरीब बाईने करवून घेतले, अशी आख्यायिका पुस्तिकेत होती. सासूबाईंना ती फार आवडली. त्यांनी कनवटीचे दहा रुपयांचे नाणे पाण्यात टाकले आणि मी पटकन बोलून गेले, "अहो, रुपया टाकला असता तरी चाललं असतं की!"

त्या नुसत्या हसल्या.

विठ्ठल मंदिराच्या वाटेवर पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. गाड्या एका मंडपापाशी थांबवतात. पुढचा साधारण एक किलोमीटर बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाडीने किंवा पायी. भाडे अगदी मामुली. पण रांग होती, आणि माझ्या डोक्यात हिशेब. पन्नासची नवी निळी नोट मी काढली आणि पुन्हा पर्समध्ये ठेवली. "एकच किलोमीटर तर आहे. बोलत बोलत जाऊ."

त्या वाटेवर सावली जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना तापलेले दगड, वर मार्चचे ऊन. अर्ध्या वाटेत सासूबाईंचे बोलणे थांबले. मंदिराच्या दारापर्यंत त्या आल्या, गोपुराच्या सावलीत पायरीवर बसल्या आणि उठेनात. गुडघे सुजले होते, चेहरा लालबुंद. "तुम्ही बघून या. मला इथून रथ दिसतोय," त्या म्हणाल्या. आम्ही दहा मिनिटांत धावतपळत फिरून आलो. आत गाभाऱ्यात मूर्ती नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी दारातूनच हात जोडले.

परतीच्या गाडीत सुट्टे मोजताना ती नोट हाती आली. उलटी केली, तर मागे तोच दगडी रथ! २०१७मध्ये निघालेल्या पन्नासच्या नोटेवर तो छापला आहे. मी ती ह्यांनाही दाखवली नाही.

२०२१मध्ये सासूबाई गेल्या. नंतर २०२३च्या डिसेंबरात आम्ही दोघे पुन्हा हम्पीला गेलो. या वेळी भाकऱ्या होत्या, बसही तीच, पण गाईड पहिल्याच दारात ठरवला. विरूपाक्षाच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत त्याने आम्हाला नेले. भिंतीतल्या लहानशा छिद्रातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर अख्ख्या गोपुराची सावली उलटी पडते, कळस खाली आणि पाया वर. गेल्या खेपेला आम्ही याच खोलीच्या जवळून गेलो होतो!

बॅटरीच्या गाडीने विठ्ठल मंदिरात गेलो. दगडी रथ हे खरे तर गरुडाचे देऊळ आहे. १८५६च्या एका छायाचित्रात त्यावर विटांचे शिखर दिसते, ते आता नाही. जवळच दोन खांबांची उंच दगडी तुला आहे. सणावारी राजा तिथे सोन्यारत्नांनी स्वतःची तुला करून ते दान करी, असे सांगतात. गाईड बोलत होता आणि माझे लक्ष सारखे दारातल्या त्या पायरीकडे.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा आणि उघड्यावरची ठिकाणे सकाळीच उरका. विठ्ठल मंदिराचे तिकीट फेकू नका. त्याच दिवशी कमलमहाल आणि हत्तीशाळेच्या आवारातही तेच चालते. जेवण घरचे न्या, बसने फिरा. बरोबर वयस्कर माणूस असेल तर बॅटरीच्या गाडीची रांग कितीही मोठी असो, तिथे उभे राहा.

निघण्याआधी मी ह्यांना बडवीलिंगाकडे घेऊन गेले. पर्समध्ये हात घालून जे नाणे लागले ते न बघता पाण्यात टाकले.

"किती होतं?" ह्यांनी विचारले.

"मोजलं नाही," मी म्हणाले.