चलन कुणाच्या नावावर?

पूर्वी दंड चौकात व्हायचा. हवालदार हात करायचा, गाडी बाजूला घ्यायची, पावती फाडली जायची आणि घरी येईपर्यंत ती बातमी शिळी झालेली असायची. आता चलन घरी येतं. दस्तरखानावर बसलेलं असताना मोबाईल वाजतो. गाडीचा नंबर, कलम, रक्कम. लगेच सगळे एकमेकांकडे बघतात, गाडी कोण घेऊन गेलं होतं? चलन गाडीच्या नंबरावर निघतं. ज्याच्या नावावर आरसी, त्याच्या मोबाईलवर ते येऊन पडतं. चालवणारा भलताच असतो. आमच्यासारख्या घरात, जिथे एका स्कूटरवर पाच जणांचा हक्क आहे, तिथे असा एक मेसेज रात्रीच्या जेवणाची चव घालवायला पुरेसा होतो.

या वर्षी आम्हाला ती स्कूटर विकायची होती. मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे जमवायचे होते. हल्ली जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस इंजिनाचा आवाज नंतर ऐकतो, आधी खिशातून मोबाईल काढून नंबर टाकतो. आलेल्या गिऱ्हाइकाने तेच केलं आणि म्हणाला, "भाईजान, यावर तीन चलनं आहेत." दोन आम्हाला ठाऊक होती. तिसरं होतं आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूरच्या एका शहरातलं, जिथे आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नाही.

फोटो उघडून पाहिला. काळ्या रंगाची मोटारसायकल, मागे दोघे, हेल्मेट नाही. आमची स्कूटर पांढरी. नंबराच्या शेवटच्या चार आकड्यांत एक 8 होता की 3, हे त्या नक्षीदार पाटीवरून कुणालाही सांगता आलं नसतं. पाटीवर वेलबुट्टी काढायची हौस कुणाची, दंड कुणाला!

घरात दोन तट पडले. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, भरून टाकू, गिऱ्हाईक हातचं जाईल, एका चलनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या कोण झिजवणार? अम्मी तस्बीह फिरवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जे केलं नाही ते कबूल करायचं आणि वर पैसे द्यायचे? उद्या त्याच गाडीने कुणाला उडवलं तर तेही कबूल कराल का?" या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं. कारण खरा धोका तोच आहे. तुमचा नंबर लावून दुसरी गाडी फिरत असेल, तर पहिलं चलन हा इशारा असतो. तो पैसे भरून गप्प करायचा नसतो.

म्हणून आम्ही तक्रार केली. राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तशी सोय आहे. चलनाचा क्रमांक, आरसीची प्रत, आपल्या गाडीचा पुढून-मागून नंबर दिसेल असा फोटो आणि चार ओळींत मुद्दा. मुद्दा म्हणजे मुद्दा. आमच्या पहिल्या मसुद्यात एवढा संताप होता की मुलीने तो पुसून टाकला आणि लिहिलं, "चलनातील वाहन काळी मोटारसायकल आहे, आमचे वाहन पांढरी स्कूटर आहे, दोन्ही फोटो जोडले आहेत." बस. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली झालेल्या बदलानुसार, कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना 15 दिवसांच्या आत पाठवायची असते आणि प्रकरण मिटेपर्यंत तो फोटो जपून ठेवायचा असतो. म्हणजे फोटो मागणं हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत.

उत्तर लवकर आलं नाही. आम्ही स्मरणपत्र टाकलं, मग आरसी घेऊन समक्ष जाऊन आलो. टेबलामागच्या तरुण बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांनाच हसू आलं. त्यानंतर काही दिवसांनी ते चलन यादीतून गेलं. गिऱ्हाईक मात्र तोवर दुसरीकडे गेलं होतं.

उरली दोन. ती खरी होती. आमचा भाचा डिलिव्हरीचं काम करतो. त्याची गाडी बिघडली तेव्हा महिनाभर आमची स्कूटर त्याच्याकडे होती, आणि नो पार्किंगमध्ये ती दोनदा सापडली. डिसेंबर 2021 पासून आपल्या राज्यात दंडाचे नवे दर आले, तेव्हापासून या गुन्ह्याला पहिल्या वेळी 500 आणि पुढच्या वेळी 1500 रुपये लागतात. भाचा म्हणतो, "मामू, तिसऱ्या मजल्यावर पार्सल द्यायचं, खाली उभं करायला जागा नाही, आणि उशीर झाला की माझेच पैसे कापतात. गाडी डोक्यावर घेऊन चढू का?" त्याचं म्हणणं खोटं नाही. बाजारपेठेत दुकानं वाढली, गाड्या वाढल्या, गाडी लावायची जागा कुणी वाढवली नाही, आणि त्याचा भुर्दंड सगळ्यात आधी अशा पोरांवर पडतो.

पण भाच्याचा दुसरा बेत आम्हाला पटला नाही. "लोक अदालतीत निम्म्यात सुटतं, राहू द्या साठत." लोक अदालत ही चांगली गोष्ट आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला दर्जा दिला आहे, तिथे तडजोडीने मिटलेलं प्रकरण अपिलात जात नाही, आणि हातावर पोट असलेल्याला तिथे खरोखर दिलासा मिळतो. मात्र कपड्यांच्या सेलची वाट बघावी तशी तिची वाट बघत दंड साठवायचा, हे वेगळं. शिवाय सवलत मिळेलच असं नाही. शेवटी ठरलं की 500 आताच भरायचे आणि 1500 चं प्रकरण लोक अदालतीत ठेवायचं. तिथे त्याची कमाई ऐकून घेतली गेली, रक्कम कमी झाली, आणि ती त्याने स्वतः भरली. आमच्याकडून घ्यायला तो तयार नव्हता.

चौकातल्या चौकात "साहेब, बघा ना काहीतरी" म्हणून दोनशेची नोट पुढे करणाऱ्यांबद्दल काय लिहावं? रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांवरही लानत आहे, हे मुलं मकतबमध्ये शिकतात आणि मग मोठ्यांच्या मागे स्कूटरवर बसून उलटं बघतात. सरकारजमा होणारा दंड चुकवला म्हणून घरी येऊन फुशारकी मारणारे नमाजी आम्ही पाहिले आहेत.

आणि जुम्याचं काय? आमच्या मस्जिदीसमोरचा रस्ता बारा फुटी. शुक्रवारी दुपारी खुतबा सुरू झाल्यावर येणारे गाडी जिथे जागा मिळेल तिथे सोडतात. शेजारच्या सोसायटीच्या फाटकासमोर, वळणावर, एकामागे एक. त्या सोसायटीतल्या एका काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं आणि त्यातला एक वार शुक्रवार. एकदा त्यांची रिक्षा सलाम फेरेपर्यंत अडकून राहिली. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त रिक्षात बसून राहिल्या. इतर मिरवणुका आणि लग्नांच्या वराती रस्ता अडवत नाहीत का, असा प्रश्न लगेच कुणीतरी विचारतो. अडवतात. पण रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानाचा भाग आहे असं ज्यांना शिकवलंय, त्यांनी ती वस्तू स्वतः आणून ठेवायची का? आता कमिटीने चार तरुण फाटकाशी उभे केले आहेत, दोरी बांधली आहे, आणि अडवून लावलेल्या गाडीचा नंबर खुतब्याच्या आधी माईकवर पुकारला जातो. नंबर पुकारला जाण्याची शरम पाचशे रुपयांपेक्षा जास्त काम करते असं दिसतंय.

टोपीबद्दलही एक शब्द. जुम्याला जाताना हेल्मेट घरी, कारण खाली टोपी दबते. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमात हेल्मेटमधून सूट आहे ती पगडी बांधलेल्या शिखांना, टोपीला नाही. टोपी घडी करून खिशात मावते. हे कलम चार वर्षांवरच्या मुलालाही लागू आहे. दंडाचं 194 ड कलम एक हजार रुपये आणि तीन महिने लायसन बंद, असं सांगतं.

याहून भारी आहे 199 अ. सोळा वर्षांखालच्या पोराला स्कूटर देऊन "पटकन पाव घेऊन ये" म्हणणाऱ्या घरांत हे माहीत नसतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर आई-वडिलांना किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. पाव पायी जाऊनही आणता येतो.

एक सावधगिरी मात्र सगळ्या भाभी आणि खालांनी मनात ठेवावी. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, ती उघडली की खात्यातले पैसे जातात. खरं चलन पाहायला कुठलीही फाईल उतरवावी लागत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो. तो स्वतः टाकून, गाडीचा नंबर घालून बघावं.

स्कूटर अखेर पुढच्या महिन्यात गेली, ठरवलेल्या भावापेक्षा दोन हजारांनी कमी. नव्या मालकाने नंबर टाकला, यादी कोरी निघाली, आणि मग त्याने इंजिन सुरू करून आवाज ऐकला. कागद त्याच्या नावावर चढेपर्यंत आमच्यापैकी कुणीतरी रोज रात्री इशानंतर ॲप उघडून बघत होतं.