'आविष्कार': एका बिऱ्हाडी नाट्यसंस्थेची वाटचाल

मराठी प्रायोगिक रंगभूमी, म्हणजे गल्ल्यावर नजर न ठेवता आशय आणि सादरीकरणाचे नवे मार्ग शोधणारी रंगभूमी, तिच्या नाटककारांच्या नावाने ओळखली जाते. परंतु 'आविष्कार'चे प्रयोग वर्षानुवर्षे पाहत आलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मते तिचा खरा इतिहास हा जागांचा आणि त्या जागा सांभाळणाऱ्या माणसांचा इतिहास आहे.

विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी 1960 साली उभारलेल्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेत फूट पडल्यानंतर अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 1971 मध्ये 'आविष्कार' स्थापन केली. गिरीश कार्नाड यांच्या 'तुघलक'चा तेंडुलकरांनी केलेला अनुवाद हे संस्थेचे पहिले नाटक होते, आणि अरुण सरनाईक यांच्यासारखा चित्रपटांतला नामवंत नट त्यात प्रमुख भूमिकेत होता. एवढा मोठा पसारा नवजात संस्थेला झेपणारा नव्हता, असे आज म्हणता येते. कायमस्वरूपी नाट्यगृहाचे भाडे आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांचा खर्च तिकीटविक्रीतून निघत नसेल, तर विनानफा संस्थेला, म्हणजे शिल्लक राहिलीच तर ती वाटून न घेता पुढच्या नाटकात घालणाऱ्या संस्थेला, स्वस्त जागेवाचून गत्यंतर नसते.

ती जागा 1974 मध्ये दादरच्या छबिलदास शाळेत मिळाली. सुलभाताई याच शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे हे नाते आधीपासूनचे होते. दादर स्थानकाजवळच्या गजबजलेल्या गल्लीतून, बटाटेवड्याच्या गाडीभोवतीची गर्दी ओलांडून, जिने चढून प्रेक्षक वरच्या सभागृहात पोहोचत असे, आणि तिथे नटाच्या कपाळावरचा घाम त्याला बसल्या जागेवरून दिसत असे. खालच्या बाजारातला आवाज मात्र संवादांच्या मधल्या शांततेत बिनदिक्कत शिरत असे. मोठ्या नाट्यगृहात खपणारा अभिनय इथे उघडा पडे, म्हणूनच या सभागृहाने नटांना पुष्कळ शिकवले. 'आविष्कार'ने ही जागा स्वतःपुरती न ठेवता इतर संस्थांनाही खुली केली, आणि तिच्या कार्यात या औदार्याचे मोल तिच्या कोणत्याही एका निर्मितीपेक्षा अधिक ठरते. पुढे समीक्षकांनी या साऱ्या घडामोडीला 'छबिलदास चळवळ' हे नाव दिले; चळवळ या शब्दाला अपेक्षित असलेला जाहीरनामा तिच्यापाशी नव्हता, हे येथे नोंदवलेले बरे.

संस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागाचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य 1982 पासून मुलांच्या नव्या नव्या तुकड्यांनी दीर्घकाळ सादर केले. 1987 मध्ये अरविंद देशपांडे यांचे निधन झाले, आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासमधले प्रयोगही थांबले. संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली. तिथूनही तिने महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या नाट्यत्रयीचा, म्हणजे एकाच कुटुंबाची कथा पुढे नेणाऱ्या तीन नाटकांचा, सलग आठ-नऊ तासांचा प्रयोग चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली उभा केला. मालवाहतूक, तालमींच्या वेळा, नटांच्या नोकऱ्या आणि प्रेक्षकांची जेवणे यांचा मेळ जमवल्याशिवाय असा प्रयोग पार पडत नाही, हे पडद्यामागे वावरलेला कोणीही सांगेल.

अशी कामे काकडे यांनी आयुष्यभर केली. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी नाट्यसमीक्षेने निर्मितीसूत्रधाराच्या कामाची, म्हणजे तारखा, पैसा आणि माणसे जुळवण्याच्या कामाची, दखल दिग्दर्शकाच्या मानाने फारच कमी घेतली आहे. अशा कामाला आधार देऊ शकणारी शाळांची सभागृहे मात्र संध्याकाळी आजही रिकामीच असतात. ती परवडणाऱ्या भाड्याने नाट्यसंस्थांना देण्याचा निर्णय शिक्षणसंस्थांनी आणि महापालिकेने घ्यायला हवा.