नाव ऐकलं की भाषा का बदलते?

वडखळ नाक्यावर, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो, तिथे गाडी अडकली की रेडिओ ऐकण्यावाचून दुसरं काम नसतं. पेण-रोह्याच्या येण्याजाण्यात मी असं पुष्कळ एफएम ऐकलंय. निवेदक गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यावर बोलतात, श्रोत्याला प्रश्न विचारून उत्तराआधी स्वतःच हसतात. चालायचंच. मनाला लागते ती सवय वेगळी.

एका कार्यक्रमात एकाने फोन लावला. आपल्या कोकणी हेलात झकास मराठी बोलत होता. निवेदिकेने नाव विचारलं. नाव मुसलमानी निघालं आणि पुढच्याच वाक्याला बाई हिंदीत! हा मराठीत उत्तर देतोय, ती हिंदीत विचारतेय. शेवटी तोच दमला आणि हिंदीवर आला. फर्माईश काय होती? मोहम्मद रफींचं मराठी गाणं, श्रीकांत ठाकऱ्यांच्या चालीतलं.

बाईंच्या मनात वाईट काही नसणार, उलट पाहुण्याची सोय बघत असतील. पण तो पाहुणा नव्हता ना! रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी मुसलमान घरांत चूल पेटते तीच मुळी इथल्या बोलीत. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो’ हे कौतुकही त्याच माळेतलं.

दुसरी खोड कॅलेंडर बघून शुभेच्छा वाटण्याची. सुट्टी दिसली की ‘हॅपी मोहरम’! मोहरमच्या दहाव्या तारखेला करबलात इमाम हुसेन शहीद झाले, इ.स. ६८० मध्ये. कुणाच्या दहाव्याला जाऊन अभिनंदन करावं तसा हा प्रकार. एखाद्या सहकाऱ्याला विचारलं असतं तरी भागलं असतं.

आणि थट्टा. सप्टेंबर २००७ मध्ये प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’ झाला, तेव्हा दिल्लीच्या एका एफएम निवेदकाने नेपाळी माणूस आणि चौकीदारी यांची जोडी जुळवून विनोद केला. सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्यातून हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली. स्टुडिओत बसलेल्याला ऐकणारा दिसत नाही, म्हणून तो आपल्यासारखाच असेल असं धरून चालण्याची ही सवय.

अमीन सयानींना ती नव्हती. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर त्यांनी ‘बिनाका गीतमाला’ चालवली. ‘बहनों और भाइयों’ म्हणताना बहिणींना आधी ठेवलं आणि अशी हिंदुस्तानी बोलले की पंडितालाही कळावी आणि टांगेवाल्यालाही. हे घरातून आलं होतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत. भाषा सोपी, आणि तेच लिखाण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापत, म्हणजे ज्याला जी अक्षरं येतात त्याने त्यात वाचावं. लहानपणी अमीनभाई या कामात आईच्या हाताखाली असत.