पंचही तोच, राक्षसही तोच

रविवार, रात्र

आज खेळ पुन्हा अडला. चोराचं पात्र घेतलेला गडी म्हणाला, मी अंधारात लपलोय, पहारेकऱ्याला दिसणारच नाही. खेळ चालवणारा गेम मास्टर म्हणाला, दिसलास. नियमपुस्तक उघडलं आणि बाकीचे आम्ही चहाला उठलो.

आमचा हा खेळ, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली आला तो युद्धाच्या पटखेळांतून. तिथे दोन्ही फौजा खेळाडूंच्या असत, पंच तटस्थ. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या या खेळात राक्षसही पंचाच्याच, म्हणजे गेम मास्टरच्या, ताब्यात गेले. चढाई करणारा आणि निवाडा देणारा एकच, कुरबुर व्हायचीच!

नियमाचा वाद सोपा. मास्टरने झटपट निवाडा द्यावा, पुस्तक खेळ संपल्यावर चाळावं. पण पुष्कळदा भांडण नियमाचं नसतंच. एकाला लढाया हव्या असतात, दुसऱ्याला कारस्थानं, आणि हे कुणी आधी बोललेलंच नसतं. मोहिमेआधीची 'सेशन झीरो' बैठक त्यासाठीच असते. (आमच्याकडे ती वडापावातच संपते.) एखादा प्रसंग कुणाला खरोखर सोसवत नसेल, तर जॉन स्टाव्रोपोलस यांचं एक्स-कार्ड आहे: टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं कार्ड ठेवायचं, कुणी हात लावला की तो प्रसंग वगळायचा. कारण विचारायचं नाही.

मला चीड येते ती पात्रावर अचानक वीज पाडणाऱ्यांची. मास्टर मंडळींनो, खेळाडूवर राग असेल तर त्याला बाजूला घेऊन बोला. त्याच्या बिचाऱ्या चोराला कशाला मारता?