चार पायांचा पाहुणा

मित्रांनो, सुट्टी लागली आणि माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या, की तुमच्या घरात ते सगळ्यांत आधी कुणाला कळतं? आमच्याकडे टिप्याला! टिप्या म्हणजे आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, एक कान उभा, एक पडका. बॅग उघडली रे उघडली, की स्वारी आत जाऊन बसते. "मला सोडून कुठं निघालात?" असा त्याचा सरळ सवाल असतो.

या सवालाचं उत्तर देताना आम्ही एकदा चांगलेच चुकलो. कराडला. तीच हकिकत आज तुम्हांला सांगतो. म्हणजे कराडही पाहून होईल आणि आमची फजितीही!

दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी आई आणि सहावीतली भाची असे तिघं पुण्याहून निघणार होतो. पुणे-बंगळूर महामार्गावर साधारण १६० किलोमीटर गेलं, की कराड येतं. मुक्कामासाठी नदीजवळच्या एका घरगुती विश्रामगृहात फोन केला. खोली मिळाली. फोन ठेवता ठेवता पलीकडचा माणूस म्हणाला, "पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही बरं का." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता आली का पंचाईत! शेजारचे काका गावाला गेलेले. टिप्याला ठेवायचं कुठं? भाची म्हणाली, "मामा, तो लहानच आहे. मोठ्या पिशवीत घालू, वरून शाल टाकू. कुणाला कळणारसुद्धा नाही!" खरं तर तेव्हाच मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण मी नुसता हसलो. मोठी माणसं अशी हसली, की मुलांना ती परवानगीच वाटते. म्हणजे चूक माझीच.

दुपारी पोचलो. फाटकावर पाटी होतीच. मी खोलीची किल्ली घेत होतो, तेवढ्यात पिशवी जिना चढून वरही गेली. टिप्या हूं की चूं करेना. आम्हांला वाटलं, जिंकलो! त्याला पाणी ठेवलं, खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि संगमावर गेलो.

कराडचा संगम तुम्ही पाहिला नसेल, तर एकदा जरूर पाहा. कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी महाबळेश्वरलाच उगम पावतात. पण निघतात मात्र वेगवेगळ्या वाटांनी. कोयना सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. कृष्णा वाईवरून खाली येते. इतर संगमांवर एक नदी बाजूनं येऊन दुसरीत मिसळते. इथं मात्र दोघी अगदी समोरासमोर येतात, जणू खूप दिवसांनी भेटलेल्या बहिणी मिठी मारतात, आणि मग काटकोनात वळून पूर्वेकडे चालू लागतात. म्हणूनच याला 'प्रीतिसंगम' म्हणतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्याचे ते पहिले मुख्यमंत्री. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते गेले. ज्या कृष्णाकाठावर ते वाढले, तिथंच त्यांची समाधी आहे.

जवळच जुन्या कोटाच्या भागात 'नकट्या रावळ्याची विहीर' आहे. नाव ऐकून भाची खो खो हसली. पण पायऱ्यांच्या त्या प्रचंड दगडी विहिरीत वरून डोकावल्यावर तिचं हसू थांबलं. सूर्य कलला, आई म्हणाली, "चला आता, टिप्या एकटा आहे."

विश्रामगृहाच्या कोपऱ्यावर आलो आणि आमचे पाय जागीच थबकले. वरून रडण्याचा आवाज येत होता. भुंकणं नव्हे हं, रडणं! लांबलचक सूर लावून टिप्या गळा काढत होता.

धावत वर गेलो. आमच्या बंद दाराबाहेर जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिथले राखणदार. सगळे त्यांना 'तात्या' म्हणत. दाराच्या फटीशी तोंड नेऊन ते टिप्याशी बोलत होते, "गप बाळा, गप. येतील तुजी मानसं."

मी मान खाली घालून कुलूप काढलं. टिप्या बाहेर झेपावला आणि भाचीच्या अंगावर चढला. दाराच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते. पाण्याचं भांडं उलटलं होतं.

तात्या ओरडतील असं वाटलं होतं. पण ते शांतपणे म्हणाले, "आवो पाव्हणं, मला कुत्र्याचा राग न्हाई. माज्या घरी बी हाय एक. पर तुमी त्याला चोरून आनलंसा, त्येचा राग आलाय."

मग त्यांनी समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं एक बाई आपल्या पाचेक वर्षांच्या मुलाला घेऊन उतरल्या होत्या. त्या मुलाला पंधरा दिवसांपूर्वी कुत्रा चावला होता. इंजेक्शनं चालू होती. "हितं कुत्रं न्हाई ना, ह्ये इचारूनच त्या उतरल्यात," तात्या म्हणाले. "मी सांगितलं, न्हाई. मला खोटं पाडलंसा तुमी."

त्या खोलीचं दार किलकिलं झालं. पोरगं आईच्या पदरामागून टिप्याकडे बघत होतं आणि त्याचे हात थरथरत होते. भाचीनं टिप्याची दोरी माझ्या हातात दिली, पुढे गेली आणि म्हणाली, "सॉरी. आम्ही त्याला घेऊन जातोय." दार बंद झालं. कुणी काही बोललं नाही. तिचा चेहरा एवढासा झाला.

मित्रांनो, 'प्राण्यांना प्रवेश नाही' ही पाटी वाचली, की आपल्याला वाटतं, ही माणसं प्राण्यांचा द्वेष करणारी! पण त्या पाटीमागे कितीतरी कारणं असू शकतात. कुणाला कुत्र्याची भीती असते. कुणाला ॲलर्जी असते. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात. ती गादीत, पडद्यांत बसतात आणि कुत्रा निघून गेल्यावरही पुढच्या पाहुण्याला शिंका नाही तर दमा भरू शकतो. आणि कुत्र्याच्या बाजूनं बघा. आपल्याला खोली नवी वाटते, त्याला तर सगळं जगच नवं! आपल्या नाकाला न कळणारे शेकडो अनोळखी वास त्याला येतात. आपल्या कानाला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येतात. त्यात घरचं माणूस कुलूप लावून गेलं, तर ते परत येईल हे त्याला कसं कळावं?

"मग गाडीत ठेवला असता," असं कुणी म्हणेल. छे! ते तर त्याहून वाईट. बाहेर तापमान ३० अंश असलं, तरी उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात ते चाळिशीच्या पुढे जातं. आपल्याला अंगभर घाम येतो, त्यानं आपण थंड होतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. बाकी सगळी भिस्त जीभ काढून धापा टाकण्यावर. बंद गाडीत कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

आम्ही दाराच्या दुरुस्तीचे पैसे दिले, सामान उचललं. भाची आणि मी टिप्याला घेऊन शोधायला निघालो. आता मात्र पहिलं वाक्य ठरलं होतं : "आमच्याबरोबर कुत्रा आहे. चालेल का?" पहिल्या ठिकाणी "नाही". दुसऱ्या ठिकाणीही "नाही". रात्रीचे नऊ वाजले. शेवटी तात्यांनीच सांगितलेल्या एका शेतातल्या घरी गेलो. गाव सोडून, आगाशिवच्या डोंगराच्या अंगाला. तिथल्या आजींनी कंदिलासारखा मोठा टॉर्च आमच्या तोंडावर मारला आणि विचारलं, "डोस दिल्यात का त्याला? कार्ड दावा."

नशिबानं टिप्याचं लसीकरणाचं कार्ड गाडीत होतं. रेबीजची लस वेळेवर दिलेली. आजींनी चष्मा लावून तारीख वाचली. मग अटी सांगितल्या. घरात न्यायचा नाही, पडवीत झोपेल. कोंबड्या आहेत, दोरी सोडायची नाही. घाण केली तर तुम्हीच काढायची. सगळ्या अटी कबूल! त्या रात्री पडवीत टिप्या एका बाजूला, भाची दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी, असे झोपलो. टिप्यानं रात्रभर आवाज काढला नाही. मीच काय तो घोरलो म्हणे!

झोपण्याआधी आईनं एक गोष्ट सांगितली. तुम्हांलाही ती ठाऊक असेल. पांडव हिमालयाच्या वाटेनं निघाले. एकेक जण गळून पडला. उरला युधिष्ठिर आणि त्याच्यामागून चालणारा एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, तू चल, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. म्हणजे बघा, 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी किती जुनी आहे! युधिष्ठिरानं काय केलं? जो विश्वासानं माझ्यामागे आला, त्याला मी टाकणार नाही, असं सांगितलं आणि रथात चढायला नकार दिला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला.

गोष्ट संपल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, त्यानं कुत्र्याला शालीत लपवून नाही नेलं!"

मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो होतो. हीच गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ही बाजू माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. युधिष्ठिरानं कुत्र्याला सोडलंही नाही आणि लपवलंही नाही. त्यानं खरं सांगितलं आणि बाहेर उभं राहायची तयारी ठेवली.

गंमत म्हणजे महाभारतात सहदेवाच्या दिग्विजयात 'करहाटक' नावाचं ठिकाण येतं. ते आपलं कराडच, असं मानतात. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या प्राचीन स्तूपावरही इथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. इतकं जुनं हे गाव!

दुसऱ्या दिवशी आगाशिवच्या डोंगरावर गेलो. तिथं साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. टिप्या दोरीनं बांधलेला. लेण्यात जाताना आम्ही पाळी लावली : दोघांनी आत जायचं, एकानं बाहेर टिप्यापाशी बसायचं. संध्याकाळी कराड तालुक्यातल्याच पाल गावी तारळी नदीकाठच्या खंडोबाला गेलो. पौषात इथं खंडोबा आणि म्हाळसेच्या लग्नाची मोठी यात्रा भरते. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, हे तुम्हांला माहीत आहे ना? तरीसुद्धा आम्ही टिप्याला देवळात नेलं नाही. पाळीचा नियम इथंही! आई दर्शन घेऊन आली आणि तिनं बोटावरचा भंडारा टिप्याच्या नाकाला लावला. पिवळं नाक घेऊन तो दिवसभर शिंकत होता.

कोयना आणि चांदोलीच्या जंगलाचा बेत मात्र रद्द केला. २०१० साली या दोन्ही जंगलांचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा ठिकाणी आपला कुत्रा न्यायचा नसतो. कुत्र्यांत 'डिस्टेंपर' नावाचा विषाणूजन्य रोग असतो आणि तो वन्य प्राण्यांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगानं सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा तपासणीत काही सिंहांमध्ये हाच विषाणू सापडला. जंगलाच्या दारावरची 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी वाघासाठी असते!

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरी चार पायांचा मित्र असेल, तर निघण्याआधी आईबाबांबरोबर बसून ठरवा. मुक्कामाला फोन कराल, तेव्हा कुत्र्याची गोष्ट पहिली सांगा, शेवटी नको. लसीचं कार्ड, दोरी, त्याचं नेहमीचं अंथरूण आणि खाणं बरोबर घ्या. घरच्या अंथरुणाला घरचा वास असतो, त्यावर तो शांत झोपतो. रेल्वेनं जाणार असाल, तर कुत्र्याचे नियम स्टेशनवर आधीच विचारा. साध्या डब्यात त्याला बाकाखाली लपवून नेता येत नाही. आणि नेणं जमणारच नसेल, तर ज्याच्याशी त्याची गट्टी आहे अशा माणसाकडे ठेवा.

परवा भाचीनं पुढच्या सहलीसाठी स्वतः फोन लावला. "नमस्कार. आमच्याबरोबर एक कुत्रा आहे. चालेल का?" पलीकडून काही उत्तर आलं. "बरं काका, थँक्यू," असं म्हणून तिनं वहीतल्या त्या नावावर काट मारली आणि पुढचा नंबर फिरवला.

टिप्या तेव्हा रिकाम्या बॅगेत बसून तिच्याकडे बघत होता.